साखळीतला पाहुणा

२ मार्च

आले बाई एकदाची. एक ट्रंक, दोन बॅगा, चहाची किटली आणि मी, सगळ्या जणी धड पोचलो. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मी मनाची जी तयारी करून आले होते त्यापेक्षा कितीतरी बरं आहे. नळाला पाणी आहे, दाराला कडी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचे वेधशाळेचे दोन पांढरे घुमट दिसतात. फोन दोन आहेत, एक हॉलमध्ये आणि एक झोपायच्या खोलीत, दोन्ही एकाच लाइनीवर. एक वाजला की दुसराही बोंबलतो. आधी राहणारा माणूस झोपेतही फोन घेत असावा.

झोपायच्या खोलीत दुसरी छोटी खाट बसते. सामान सोडायच्या आधी मी तेवढंच बघून घेतलं.

खाट लेकीसाठी. ती सात वर्षांची आहे आणि तिच्या आत्याकडे राहते. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला तेव्हा मला सोडलं, पण पोर त्याच्या बहिणीनं ठेवून घेतली, कारण माझी नोकरी कंत्राटी आणि घर भाड्याचं. कायमची नोकरी आणि हक्काचं घर दाखव, मग मुलगी ने, असं नणंदबाईंनी चार लोकांत सुनावलं. दाखवते म्हटलं. वेधशाळेचं हे काम बिनचूक पार पडलं तर नोकरीही कायम आणि क्वार्टरही माझं. आज मी फार खुशीत आहे, आणि तसं लिहून ठेवते, कारण माझ्या बाबतीत ही गोष्ट रोजची नाही.

४ मार्च

आज कामाचा ताबा घेतला. लेकीला सांगायचं आहे म्हणून सोपं करून लिहिते. काही वर्षांपूर्वी सोडलेलं एक यान २७ तारखेला एका धूमकेतूच्या अगदी कुशीतून जाणार आहे. यान जवळून बघेल, पण हत्तीच्या पायाशी उभं राहिलं की हत्ती दिसत नाही. अख्खा धूमकेतू, त्याची शेपटी, तिच्यात होणारे बदल, हे इथून जमिनीवरून बघायचं, आणि सलग बघायचं. एका दुर्बिणीला ते जमत नाही, कारण तिच्या डोक्यावर सूर्य येतोच. म्हणून पृथ्वीभर पसरलेल्या नऊ दुर्बिणींची साखळी केली आहे. एकीकडे उजाडायला लागलं की धूमकेतू पुढचीकडे द्यायचा. ही देवघेव माझ्यामार्फत होते. मी दिवसाढवळ्या एका खोलीत फोन घेऊन बसते, आणि अंधारातली माणसं माझ्याशी बोलतात.

देण्याघेण्याची रीत जुनी आहे. संगणकावर सगळं दिसत असलं तरी तोंडानं बोलायचंच. मावळता निरीक्षक म्हणतो, धूमकेतू देतो. मी म्हणते, घेतलं. मग मी पुढच्याला म्हणते, देते, आणि तो म्हणतो, घेतलं. हे शब्द आल्याशिवाय आधीच्यानं नजर काढायची नाही. काय दिलं त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर ते दिलेलं धरत नाहीत. एकदा म्हणे दोघांनीही दुसऱ्याकडे आहे असं समजून अख्खा तास फुकट घालवला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. मला आवडलं. माझ्या लग्नात एवढा नेमकेपणा असता तर बरं झालं असतं.

माझ्या आधी हे काम करणारे जुने साहेब आज निवृत्त झाले. गुळगुळीत दाढी, नवा शर्ट, टॅक्सी खाली उभी. त्यांनी मला रीतसर ताबा दिला. आधी धूमकेतू देतो म्हणाले, मी घेतलं म्हटलं. मग म्हणाले, पाहुणा देतो. मला वाटलं ऑफिसातली थट्टा असेल. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, घेतलं बाबा, घेतलं. त्यांनी हातरुमालानं मान पुसली आणि चहालासुद्धा थांबले नाहीत.

८ मार्च

पाहुणा कोण ते कळलं. दुर्बीण धूमकेतूच्या मागे मागे फिरते, म्हणून चित्रात तारे रेघोट्यांसारखे ओढलेले येतात आणि धूमकेतू तेवढा जागच्या जागी राहतो. पण या चित्रांत आणखी एक टिपका जागच्या जागी असतो. बारीक, पांढरा, कडा अगदी स्वच्छ. निरीक्षक मंडळी त्याला पाहुणा म्हणतात. कॅमेऱ्यातला दोष म्हणून जुने साहेब तो चित्रातून पुसून टाकायचे. एका कॅमेऱ्यात दोष असेल हो, नऊ कॅमेऱ्यांत तोच दोष? मी संचालकांना विचारलं. ते म्हणाले, बाई, तुम्हाला धूमकेतूसाठी आणलंय, धुळीसाठी नाही. समोरच्या खुर्चीतल्या माणसाला बाई म्हणून गप्प करणं ही एक कला आहे, आणि त्यात त्यांनी पदवी घेतलेली दिसते.

मी टिपका पुसायचा नाही असं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण करण्याची माझी जुनी खोड.

रविवार म्हणून लेकीशी बोलले. तिला बोटाची गंमत शिकवली. बोट नाकासमोर धरायचं आणि एकेक डोळा मिटायचा, की बोट उडी मारतं. जितकं जवळ तितकी उडी मोठी. लांबच्या दोन दुर्बिणींतून एकच वस्तू बघितली की असंच होतं, आणि तिचं अंतर काढता येतं. मग आमची देवघेव झाली. मी म्हटलं, पापा देते. ती म्हणाली, घेतलं. हा शब्द तिला भलताच आवडलाय. आत्याच्या हातून दुधाचा पेलाही ती म्हणे घेतलं म्हटल्याशिवाय घेत नाही, आणि आत्या वैतागते. पोरगी माझ्यावर गेली आहे.

१२ मार्च

पाहुण्याचं अंतर काढलं. दोन टोकांच्या दुर्बिणींना एकाच वेळी चित्रं घ्यायला लावली. धूमकेतू जागचा हलला नाही, तो आहेच तितका लांब. पाहुण्यानं उडी मारली. म्हणजे तो धूमकेतूपाशी नाही. चंद्राच्या थोडा पलीकडे आहे, आणि तरीही धूमकेतूच्या बरोबरीनं सरकतो. असं काही असू शकत नाही. गणित तीनदा तपासलं.

१४ मार्च

चंद्राच्या अलीकडे.

संचालकांना दाखवलं. त्यांनी कागद न बघता विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. एकट्या बाईनं काही शोधून काढलं की लोकांना आधी तिच्या घरची काळजी वाटते. कॉरिडॉरमध्ये त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, की कंत्राटी माणसांचं असंच असतं, लक्ष वेधून घ्यायचं असतं. मी काम चालू ठेवलं. साखळीत अजून एक मिनिटाचाही खंड नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

१६ मार्च

आणखी जवळ. आता निरनिराळ्या दुर्बिणींत तो इतका वेगळ्या जागी दिसतो की निरीक्षक आपसांत वाद घालतात. मी सगळ्या रेषा नकाशावर ओढल्या. त्या कुठे मिळतात ते बघितलं आणि नकाशा गुंडाळून ठेवला.

त्या इथे, आमच्या गावावर मिळतात.

१७ मार्च

जुन्या साहेबांना फोन केला. आधी त्यांनी ओळखच दिली नाही. मग मी अंतरं वाचून दाखवली, तेव्हा म्हणाले की माझ्या वेळी तो इतका जवळ आला नव्हता, मी वेळेत दिला. त्यांना तो दक्षिणेकडच्या दुर्बिणीवरच्या एका निरीक्षक बाईकडून मिळाला होता. तिनं द्यायला उशीर केला. दिल्यावर तिला वाईट वाटलं, ती परत घ्यायला तयार झाली, त्यांनी रोज देऊन पाहिलं, पण ज्याच्याकडून आला त्याच्याकडे तो परत जात नाही. दुसरं कोणीतरी लागतं. त्यानं आपल्या तोंडानं घेतलं म्हणावं लागतं, एवढंच.

मी विचारलं, मग मीच का. ते म्हणाले, रागावू नका, तुम्ही परक्या होतात. माझ्या घरात नातू आहे हो.

मी म्हटलं, मला मुलगी आहे. त्यावर त्यांनी फोन ठेवला. सज्जन माणूस म्हणून सगळी वेधशाळा अजून त्यांचं कौतुक करते.

१९ मार्च

त्या निरीक्षक बाईच्या घरचा नंबर मिळवला. तिच्या वहिनीनं फोन घेतला. आमची नणंद बोलत नाही, जेवण भरवावं लागतं, पापणी क्वचित लवते, असं तिनं सांगितलं. खुर्ची कुठेही ठेवा, दिवसभर मान हळूहळू फिरवते, कधी छताकडे, कधी जमिनीकडे. डॉक्टरांनी हात टेकले. मी वेळा विचारल्या. वहिनीला वाटलं मी औषध सांगणार आहे, म्हणून बिचारीनं नीट आठवून सांगितल्या. त्या मी धूमकेतूच्या जागेशी ताडून पाहिल्या.

तो पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतो तेव्हाही ती बरोबर त्याच्याकडेच बघते.

बिचारी वहिनी शेवटी म्हणाली, तिला निदान दुखत तरी नसेल ना. मी नसेल म्हटलं. मला काय माहीत.

२० मार्च

पाहुणा गेला. नऊच्या नऊ दुर्बिणींनी कळवलं, चित्रं स्वच्छ आहेत. निरीक्षक खूश. संचालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की बघा, कॅमेरे साफ केले की धूळ जाते. टाळ्याही पडल्या.

दुर्बिणीला फार जवळचं दिसत नाही. हे इथल्या शिपायालाही माहीत आहे.

२१ मार्च

घरी. दुपारचे दोन. खिडक्या उघड्या, लख्ख ऊन. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरा टिपका. चुना उडाला असेल म्हणून बोट लावायला गेले. मान फिरवली. भिंत सरकली, खिडकी सरकली, कपाट सरकलं. तो सरकला नाही.

डोळे मिटले. तिथेही आहे. कडा अगदी स्वच्छ.

बोट समोर धरून एकेक डोळा मिटला. बोट उड्या मारतं. तो मारत नाही.

२२ मार्च

रविवार. लेकीला फोन केला नाही. भीती वाटली. तिनंच केला. पापा दे म्हणाली. मी म्हटलं, आज नको सोन्या, आज आई काहीच देत नाही. ती रुसली. मी रडले, फोन ठेवल्यावर.

नणंदेला द्यावा असं मनात आलं. लपवत नाही, आलं. तिनं फोन घेतला तर दोन शब्दांत काम होईल. पण तिच्या घरात माझी पोर आहे. देव एक दार उघडतो आणि त्यातच नणंद उभी करतो.

निघून जावं तर साखळी तुटते, नोकरी जाते, लेक जाते. आणि हा कुठे टेकडीवर राहतो? हा माझ्याकडे आहे.

२४ मार्च

मोठा झाला आहे. वाटाण्याएवढा. वाचताना ओळीच्या मधोमध असतो, त्याला वळसा घालून वाचावं लागतं. लिहिताना —

मान दुखते. आज मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणे बराच वेळ फरशीकडे बघत बसले होते. मला आठवत नाही. नंतर हिशेब केला. धूमकेतू तेव्हा फरशीखालीच होता.

२५ मार्च

संचालकांनी बोलावलं. दार लावून घेतलं. २७ला वार्ताहर येणार, कॅमेरे येणार, यान जवळ जायच्या वेळी साखळीच्या खुर्चीत ते स्वतः बसणार. मी थकलेली दिसते, म्हणून घरी राहावं. दुपारी दोन वाजता घरूनच फोनवर त्यांना ताबा द्यावा, रीतसर, वार्ताहरांसमोर, तो भाग टीव्हीवर छान दिसतो. अहवालात त्यांचं नाव आधी. त्या बदल्यात माझ्या हातात कागद ठेवला. नोकरी कायम. क्वार्टर माझं.

सगळं काम मी केलं, आणि आयत्या बिळावर नागोबा. बोलायला तोंड उघडलं होतं. मग लक्षात आलं.

ते स्वतः मागताहेत. ते आपल्या तोंडानं घेतलं म्हणणार आहेत.

मी म्हटलं, हो सर. देते.

२६ मार्च

त्यांना पोरंबाळं नाहीत. बायको परदेशी. मी चौकशी केली. जुन्या साहेबांनीही अशीच केली असेल माझी —

वाईट वाटतं का? वाटतं. पण थोडं. मला परकी म्हणून निवडणाऱ्यांना नाही वाटलं. लिंबाएवढा झाला. त्याच्या आत काहीतरी आहे. बघत नाही मी. बघायचं नाही.

नणंदेला कळवलं, नोकरी कायम झाली. रविवारी लेकीला न्यायला येते म्हटलं. तोपर्यंत तो गेलेला असेल.

२७ मार्च, सकाळ

दार वाजलं. नणंद. आणि लेक, हातात बाहुली, पाठीवर दप्तर. नणंदबाईंना अचानक गावाला जायचं होतं, म्हणाली, आजच सोडते, तुझी तुला लखलाभ. मी आत ये म्हणायच्या आधी जिना उतरली.

लेकीनं मला मिठी मारली. तिचा चेहरा मला अर्धाच दिसतो. मध्ये तो आहे.

दोन वाजेपर्यंतच. मग सगळा चेहरा दिसेल. तिला झोपायच्या खोलीत बसवलं. चित्रं काढ म्हटलं, बाहेर येऊ नको, आईचं ऑफिसचं काम आहे. शहाणी आहे. हो म्हणाली.

दुपार

झालं ते पटापट लिहिते.

फोन वाजला. मी हॉलमधला घेतला. तिकडे गलका, हशा, कॅमेरे. संचालक मोठ्या आवाजात बोलत होते, मला नाही, लोकांना. मी म्हटलं, धूमकेतू देते. ते म्हणाले, घेतलं. टाळ्या. मी लगेच म्हटलं, पाहुणा देते. त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. गलका एकदम बंद झाला. काहीच ऐकू येईना. मी पुन्हा म्हटलं. पाहुणा देते.

घेतलं.

बारीक आवाज. फोनमधून. आणि त्याच वेळी झोपायच्या खोलीतूनही.

दोन फोन. एकाच लाइनीवर. हा वाजला तेव्हा आतलाही वाजला, तिनं उचलला, मला माहीत होतं, मला पहिल्या दिवसापासून माहीत —

मला आता सगळं स्वच्छ दिसतं आहे. भिंत. खिडकी. घुमट. ती खाटेवर बसली आहे, फोन कानाला. तिचा अख्खा चेहरा दिसतो. किती गोड दिसते.

मी म्हटलं मला परत दे. म्हण, पाहुणा देते. तिला खेळ वाटला. म्हणाली. मी घेतलं म्हटलं. घेतलं, घेतलं, घेतलं. काही येत नाही. भिंतीवर काही नाही. डोळे मिटले तरी नाही.

नणंद गेली. संचालकांचा फोन लागत नाही. जुने साहेब उचलत नाहीत. कोणालाही, कोणीही —

निरीक्षक बाईच्या वहिनीला लावला. ती हॅलो म्हणाली. माझ्या तोंडाशी आलं होतं. तिच्या घरात आधीच एक आहे. ठेवला.

परत. परत म्हण, सोन्या. ती म्हणत नाही आता. माझं आहे म्हणते. बोट नाकासमोर धरलं आहे, एक डोळा मिटते, मग दुसरा. आई, हे उडी मारत नाही गं, म्हणते. हसते. मी तिचं तोंड हातात धरलं आहे, माझ्याकडे बघ म्हणते, माझ्याकडे, पण तिची मान हळूहळू फरशीकडे —